करंगळी बधिर, आणि टाके मात्र छान भरले

प्रश्न : आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेज सांभाळून तबला शिकतो. १४ जानेवारीला उत्तरायणात गच्चीवर कटलेल्या पतंगाचा मांजा पकडताना त्याचं उजवं मनगट करंगळीच्या बाजूला कापलं. रक्त बरंच गेलं. जवळच्या दवाखान्यात सहा टाके घातले, दहा दिवसांत जखम भरली. पण त्याच दिवसापासून करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. आता ती दोन्ही बोटं वाकडी होत चालली आहेत. पाण्याचा पेला निसटतो, शर्टाची बटणं लागत नाहीत. जखमेच्या खुणेवर काही आपटलं की करंगळीत करंट जातो. परवा चहाचं गरम पातेलं लागून करंगळीला फोड आला, ते त्याला कळलंसुद्धा नाही. 'नस दबली आहे, वेळ लागेल' असं सांगून बी-१२ च्या गोळ्या दिल्या आहेत. सासूबाई म्हणतात, गरम तेलाने रगडून नस बसवून घ्या. सात आठवडे झाले. अजून किती थांबायचं? त्याला तबला वाजवता येईल ना?

उत्तर : ताई, आता थांबू नका. याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनला किंवा हाताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा. तुम्ही लिहिलेल्या खुणा वाचून मुलाच्या मनगटातला करंगळीकडचा, अल्नर नावाचा मज्जातंतू कापला गेला असावा, असंच वाटतं. हात न तपासता पक्कं निदान करता येत नाही. पण धारदार गोष्टीने कापलं आणि त्याच क्षणापासून पुढचं बोट बधिर झालं, तर तंतू तुटला आहे असं धरूनच पुढे जायचं असतं. तो शाबूत आहे हे तपासणीने दाखवून द्यावं लागतं. इथे नेमकं उलटं झालं. तो दबला आहे असं धरलं गेलं आणि सात आठवडे निघून गेले.

घोटाळा 'नस' या शब्दातही आहे. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, बोट ओढणाऱ्या दोरीसारख्या कंडरेलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. 'नस चढली', 'नस दबली', 'नस बसवली' ही सगळी बोलणी या एका शब्दातून येतात. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला या तिन्ही गोष्टी अगदी शेजारी-शेजारी असतात : अल्नर रोहिणी, म्हणजे हाताला रक्त पुरवणारी वाहिनी, तिला चिकटून अल्नर मज्जातंतू आणि वर मनगट वाकवणारी कंडरा. तंतूची जाडी तिथे साधारण तीन-चार मिलिमीटर, आणि तो कातडीपासून फार खोल नसतो. ताणलेला, काच लावलेला मांजा करवतीसारखा ओढला जातो, म्हणून वरून दोन सेंटिमीटरची दिसणारी जखम आत कंडरेपर्यंत गेलेली असते. रक्त बरंच गेलं असं तुम्ही लिहिता, त्यावरून रोहिणीलाही इजा झाली असेल. रोहिणी कापली असेल तर तिला खेटून असलेला तंतू वाचणं अवघडच.

तंतूच्या आत काय होतं ते समजलं, की घाई का करायची तेही समजेल. अल्नर तंतू म्हणजे एका आवरणात बांधलेले हजारो बारीक धागे. काही धागे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेतात, काही बोटाचा स्पर्श, ऊन-गार आणि वेदना वर पोचवतात. करंगळीच्या टोकापर्यंत आलेला प्रत्येक धागा ही एकाच पेशीची लांबलचक शेपटी असते, आणि ती पेशी मात्र मानेजवळ, मणक्यात किंवा मणक्याला लागून बसलेली असते. मनगटाशी धागा कापला की खालचा तुकडा पेशीपासून तुटतो आणि काही दिवसांत मरतो. मागे उरतात रिकाम्या नळ्या. वरच्या टोकातून नवे कोंब फुटतात आणि या नळ्या शोधत खाली निघतात. दोन्ही टोकं एकमेकांना लावून शिवलेली असतील तर कोंब नळीत शिरतात. टोकं दूर सरकलेली असतील तर कोंब व्रणातच गुरफटतात आणि त्यांची गाठ होते. खुणेवर काही लागलं की करंगळीत करंट जातो, तो बहुधा या अडकलेल्या कोंबांमुळेच.

दबलेला तंतू वेगळा. खुर्चीच्या कडेवर हात टाकून झोपलं, प्लास्टर घट्ट झालं, तर धागे शाबूत राहतात, फक्त त्यांच्यावरचं वेष्टण काही काळ बिघडतं. असा हात काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप सुधारतो. त्याहून जास्त चेंगरला तर धागे तुटतात पण नळ्या सलग राहतात. तेव्हा कोंब आपापल्या वाटेने जातात आणि वेळ लागला तरी हात पुष्कळ परत येतो. मांज्याने आरपार कापलेला तंतू तिसऱ्या प्रकारात येतो. तो शिवल्याशिवाय वाट सापडत नाही.

आता घरी बसून पाहता येतील अशा काही गोष्टी सांगतो. यांनी निदान होणार नाही, पण डॉक्टरांपुढे नेमकं बोलता येईल.

मुलाला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बोळ्याने अनामिका दोन्ही कडांवर हलकेच स्पर्शून बघा. करंगळीकडची कड बधिर आणि मधल्या बोटाकडची कड नीट, असं दिसलं तर तो अल्नरचाच इलाका. मग हाताची मागची बाजू, करंगळीच्या रेषेत, तपासा. तिथे जाणारी फांदी मनगटाच्या पाच-आठ सेंटिमीटर वरच सुटते, त्यामुळे मनगटाशी कापलं असेल तर पुढून बधिर आणि मागून शाबूत असं विचित्र चित्र दिसतं. 'मागून तर कळतंय, म्हणजे तंतू चालू आहे' अशी समजूत यातूनच होते. ती चुकीची आहे.

फोड बरा झाला असेल तरच दोन्ही हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. पाणी डाव्या हाताने पारखून घ्या, उजव्याने नाही. चालू तंतू असलेल्या बोटांच्या पेरांवर सुरकुत्या पडतात, तंतू तुटलेल्या बोटांवर पडत नाहीत, कातडी गुळगुळीतच राहते. घामाचे धागेही याच तंतूतून जात असल्याने ती बोटं कोरडी पडलेली दिसतील. ही खूण मुलाच्या सांगण्यावर किंवा अंदाजावर अवलंबून नाही, म्हणून आम्हाला ती फार उपयोगी वाटते.

मग कागद. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये एक कागद सपाट धरायला सांगा आणि हलकेच ओढा. उजव्या अंगठ्याचं टोकाचं पेर कागद धरून ठेवायला वाकत असेल, तर अंगठा तर्जनीकडे दाबणारा स्नायू काम करत नाही आणि त्याच्याऐवजी दुसरा, वेगळ्या तंतूवर चालणारा स्नायू धावून आला आहे. मधलं बोट तर्जनीवर चढवता येतं का, तेही पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मागच्या मांसल उंचवट्यावर डाव्या हाताच्या तुलनेत खळगा पडला असेल, तर स्नायू वाळायला लागला आहे.

शेवटी करंगळीचं मधलं पेर धरून तिचं टोक वाकवायला सांगा. टोक वाकलं तर तिथली कंडरा शाबूत आहे. तिच्या स्नायूचा तंतू कोपराजवळच सुटतो, म्हणून मनगटाशी तंतू तुटला तरी टोक वाकतं. वाकत नसेल तर कंडराही कापली आहे, आणि हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

याच कारणाने बोटं वाकडी होत आहेत. बोट दोन संघांच्या ओढाताणीतून सरळ राहतं. लांब स्नायू दंडाखालच्या हातात असतात आणि कंडरांनी बोट ओढतात, ते शाबूत आहेत. तळहातातले छोटे स्नायू, म्हणजे बोटांच्या मुळाचा सांधा वाकवणारे आणि पुढचे दोन सांधे सरळ ठेवणारे, अल्नरवर चालतात, ते बंद आहेत. म्हणून मुळाचा सांधा मागे झुकतो आणि पुढचे दोन सांधे आत वळतात, पंजा होतो. पेला निसटण्याचं कारणही हेच. निरोगी हात आधी मुळापासून वाकतो आणि पेल्याला कवेत घेतो. याचा हात आधी टोकापासून गुंडाळतो, त्यामुळे बोटांची टोकं पेल्याला कवेत घेण्याऐवजी बाहेर ढकलतात. पेला पडतो तो केवळ जोर कमी आहे म्हणून नाही, बोटं वळण्याचा क्रम बिघडला आहे म्हणूनही.

डॉक्टरांकडे जाताना पहिल्या दिवसाचा कागद, टाक्यांची तारीख आणि आताच्या गोळ्या न्या. ते बहुधा एनसीव्ही (तंतूतून विजेचा संदेश कसा जातो ते पाहणारी) आणि ईएमजी (स्नायूतल्या विजेची नोंद घेणारी) चाचणी करायला सांगतील. या चाचण्या दुखापतीनंतर तीन आठवड्यांच्या आत केल्या तर फसव्या येऊ शकतात, कारण खालचा तुकडा मरायला वेळ लागतो. तुमचे सात आठवडे झाले आहेत, आता उत्तर स्पष्ट येईल. चांगल्या यंत्रावर सोनोग्राफीतही टोकं सलग आहेत की दूर, ते दिसतं. पण चाचणीची तारीख महिनाभर पुढची मिळत असेल तर तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा निर्णय अडवून ठेवू नका. इतक्या स्पष्ट खुणा असताना सर्जन जखम उघडून पाहण्याचा सल्ला देऊ शकतात आणि तो योग्यच असतो. खर्चाचा प्रश्न असेल तर तुमच्याकडच्या सरकारी सयाजी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर ते न्या आणि ही शस्त्रक्रिया त्यात बसते का हे दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकं शोधतात, गाठ झालेला भाग निरोगी धागे दिसेपर्यंत कापून काढतात आणि केसाहून बारीक नायलॉनने आवरणाला टाके घालतात. पहिल्या काही दिवसांत हे केलं असतं तर टोकं सहज जुळली असती. आता ती आखडली असतील. ताण देऊन जोडलेला तंतू नीट वाढत नाही, म्हणून मध्ये अंतर राहिलं तर पायाच्या घोट्यामागून एक संवेदनेचा तंतू काढून त्याचा पूल करतात. त्याने पावलाच्या बाहेरच्या कडेला एक पट्टा बधिर राहतो. चालण्यात अडचण येत नाही, पण हे आधी माहीत असावं. नंतर साधारण तीन आठवडे मनगट किंचित वाकवून पट्टीत ठेवतात. त्या काळात मनगट मागे झुकवायचं नाही, टाके ओढले जातात.

पुढचा हिशोब साधा आहे. कोंब दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर, आणि सुरुवातीचे तीन-चार आठवडे तयारीतच जातात. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण १७ सेंटिमीटर. मार्चअखेर शस्त्रक्रिया झाली तर टोकाला पहिली जाणीव नवरात्र-दिवाळीच्या सुमारास येईल. पूल घालावा लागला तर त्याहून उशिरा. तर्जनीजवळचा स्नायू नऊ-दहा सेंटिमीटरवर आहे, तिथे हालचाल त्याच्या आधी अपेक्षित. स्नायूला मात्र मुदत असते. तंतूविना साधारण १२ ते १८ महिने राहिला की स्नायू आणि तंतू जिथे जुळतात ती जागाच नाहीशी होते, मग कोंब पोचला तरी उपयोग होत नाही. घाई करा म्हणतो ते यासाठी. संवेदनेची मुदत जास्त लांब असते.

वाढ होते आहे की नाही, ते दर दोन आठवड्यांनी स्वतः पाहता येतं. करंगळीच्या टोकापासून मनगटाकडे एका बोटाने टिचक्या मारत या. जिथे पहिल्यांदा करंट करंगळीत जाईल तिथे पेनाने खूण करा आणि अंतर तारखेसह वहीत लिहा. ही खूण महिन्यागणिक टोकाकडे सरकायला हवी. दोन-तीन महिने व्रणावरच अडकून राहिली तर सर्जनला कळवा.

तोवर हात सांभाळणं तुमच्याकडे आहे, आणि फोड आलाच आहे, तेव्हा हे मनावर घ्या. गरम पातेलं, तवा, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर, यांच्याजवळ उजवा हात जाणारच नाही अशी सवय लावा. त्या बोटात अंगठी नको. रोज सकाळी आणि झोपण्याआधी दोन्ही बोटं डोळ्यांनी तपासायची, लाल डाग, फोड, चीर. फोड फोडू नका. लाली पसरली, पू आला तर त्याच दिवशी दाखवा, कारण वेदना इशारा देणार नाही. फोड बरा झाला की कोरड्या कातडीसाठी पाच मिनिटं कोमट पाणी, मग टिपून पेट्रोलियम जेली. गरम तेलाने रगडायचं नाही. एक तर पोळेल, दुसरं म्हणजे व्रणातल्या गाठीवर दाबून दुखणं वाढेल, आणि तुटलेलं काही बसवण्यासारखं आत नाहीच. सासूबाईंना हे शब्द असेच वाचून दाखवा, त्यांची काळजी खरी आहे. त्यांचा हात लागू दे तो खालच्या व्यायामात.

सांधे मऊ ठेवायचे आहेत. तंतू परत आला आणि सांधा दगड झालेला असला तर सगळं फुकट जातं. डाव्या अंगठ्याने अनामिका आणि करंगळीच्या मुळाचे सांधे वरून दाबून खाली वाकवून धरा आणि पुढचे सांधे सरळ करायला सांगा. बोट सरळ होत असेल तर सांधा मऊ आहे. याच स्थितीत पुढचे सांधे हाताने हलकेच सरळ करून पाच सेकंद धरा, एका वेळी दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. झोंबेल इतकं ओढायचं नाही. फिजिओथेरपिस्टकडून मुळाचे सांधे ६० ते ७० अंशांत वाकवून धरणारी छोटी पट्टी करून घ्या. ती घातली की बोट उघडण्याचं काम लांब स्नायूच करतात आणि पेलाही धरता येतो. पट्टीखाली लाल चट्टा उठून वीस मिनिटांत गेला नाही तर ती बदलून घ्या. हे आजपासून करा. शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र सर्जन परवानगी देतील तेव्हाच पुन्हा सुरू करायचं.

बी-१२ कमी असेल तर ते द्यायलाच हवं, पण रक्त तपासून. 'नसांच्या' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत बी-६ ही असतं, आणि ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच बधिरपणा येतो. गोळीच्या पाकिटावर मात्रा वाचा आणि डॉक्टरांना विचारा. बाहेरून वीज देणाऱ्या यंत्रांवर आत्ता पैसे घालू नका, टोकं जोडण्याचं काम ती करत नाहीत. मुलगा सिगारेट-तंबाखू घेत असेल तर बंद, त्याने टोकांना रक्त कमी पोचतं. स्कूटर सध्या चालवू नये, उजव्या मुठीवर त्याचा भरवसा ठेवता येणार नाही.

बोटाला स्पर्श कळू लागेल तेव्हा मेंदूला पत्ते नव्याने शिकवावे लागतात, कारण कोंब जुन्याच नळ्यांत जातील असं नाही. अनामिकेला लावलं तर करंगळीत लागल्यासारखं वाटेल. एका ताटलीत राजमा, साबुदाणा, रवा, कापूस, नाणं ठेवा. आधी बघून स्पर्श करायचा, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघून. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, काही महिने. हे सासूबाईंनी घेतलं तर फार छान होईल.

दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. हाताला मांजा लागला तर स्वच्छ कापडाने दाबा, हात वर धरा, करकचून दोरी बांधू नका. आणि सुन्न करणारं इंजेक्शन देण्याआधीच प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, बोट वाकतं का हे तपासायला डॉक्टरांना सांगा, कारण इंजेक्शननंतर ते तपासताच येत नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तो घरात आणूच नका. दुसरं, ज्यांचे दोन्ही तळपाय हळूहळू बधिर होत आहेत त्यांनी यातलं काही स्वतःला लावू नये. तिथे आधी साखर तपासायची.

आता तबला. वय १९ आणि इजा मनगटाशी, म्हणजे तळहाताच्या जवळ, या दोन्ही गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. चटका आणि टोचणं कळण्याइतकी संवेदना बहुतेकांना परत मिळते. तळहातातल्या छोट्या स्नायूंचं बारीक नियंत्रण मात्र अल्नरच्या इजेत पुष्कळदा अपुरंच परततं, आणि सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहू शकते. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर हलकी टेकवावी लागते आणि तर्जनीने किनारीवर आघात करावा लागतो. त्या टेकवण्यात स्पर्श आणि स्नायू दोन्ही लागतात, म्हणून हा बोल सर्वांत उशिरा येईल. स्नायू परत आलेच नाहीत तर दुसऱ्या स्नायूची कंडरा फिरवून लावण्याची शस्त्रक्रिया असते, तिने चिमूट आणि पकड बरीच सुधारते, पण तबल्याची नजाकत तिच्याकडून मागू नये. त्याच्या गुरुजींना हे आजच सांगा, म्हणजे ते उजव्या हाताला घाई करणार नाहीत. डग्गा त्याच्या डाव्या हातात आहे आणि तो हात ठणठणीत आहे. मींड, घुमारा, 'घे'चा दाब, यांचा रियाज आणि हातावर ताल धरून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आजपासून चालू ठेवता येईल. फक्त ताल धरताना टाळी डाव्या हाताने मांडीवर द्यायची, उजव्या हातावर नाही.